पत्र्याचा डबा, पेपर नॅपकिन आणि फेविकॉल : नेमकं बिनसतं कुठे?

कात्रीकागद (धागाकर्ती)
दिवाळीच्या फराळासाठी ४० पत्र्याचे गोल डबे डिकूपाज करून (म्हणजे कागदी चित्रं चिकटवून वर वॉर्निश देऊन) द्यायचे आहेत. व्यास १० सेंमी, उंची ६ सेंमी, बाहेरून बसणारं झाकण. सोबत तेवढीच शुभेच्छापत्रं. नमुन्याच्या डब्यांवर तीन गोष्टी त्रास देताहेत. नॅपकिनला सुरकुत्या पडतात, वाळल्यावर कडेचा कागद गोंदासकट उचकटतो, आणि वॉर्निश हाताला चिकट लागतं. डबे एकावर एक रचले की वरचा खालच्याचा रंग ओढून घेतो.
गोंद म्हणून फेविकॉल एमआर, त्यात थोडं पाणी. माझं मत असं की डिकूपाजसाठी मुद्दाम परदेशी बाटली आणायची काही गरज नाही, आपला पांढरा गोंद तेच काम करतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासकट लिहा, नुसतं 'क्वालिटीत फरक असतो' नको.

रंगरेषा
कारणासकट लिहिते. मॉड पॉजसारख्या बाटलीत गोंद आणि वरचा थर एकाच द्रवात मिळतो, म्हणून ती सोयीची. चिकटवण्यापुरतं बघितलं तर पांढऱ्या गोंदाने तेच होतं, तुमचं बरोबर आहे. पण वरचा थर म्हणून नुसता फेविकॉल फासून ठेवला तर ओल्या हाताने तो पुन्हा मऊ पडतो आणि पांढुरका दिसतो. वर अ‍ॅक्रिलिक वॉर्निश लागतंच.
आणि चिकटपणाचं म्हणाल तर मॉड पॉजलासुद्धा पूर्ण पक्कं व्हायला ४ आठवडे लागतात. तासाभरात हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं नसतं.

हार्डवेअर_गल्ली
दोष गोंदाचा नाही, पत्र्याचा आहे. पांढरा गोंद पाणी उडून घट्ट होतो. लाकूड, पुठ्ठा, माती यांत ते पाणी मुरतं आणि गोंद आतल्या रंध्रांत शिरून धरतो. पत्रा पाणी पीत नाही आणि गुळगुळीत पृष्ठभागावर गोंदाला पकड मिळत नाही. वाळल्यावर नुसता पातळ पापुद्रा उरतो, तो दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघून येतो. तुमचं तेच चाललंय.
आधी ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने, फक्त चकाकी जाईपर्यंत. मग स्पिरिटने पुसा, कारण नव्या पत्र्यावर कारखान्यातलं तेल असतं आणि त्यानंतर बोटं लावलीत तर तुमचंही. मग मेटल प्रायमरचा एक पातळ हात. दुकानात पांढरा किंवा करडा मागा. लाल ऑक्साइड घेतलात तर तो झाकायला पांढऱ्या रंगाचे दोन हात जास्त जातील. पूर्ण २४ तास वाळू द्या, त्यावर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात. आता गोंदाला धरायला काहीतरी आहे.

टिकलीबाई
हार्डवेअरभाऊ, 'हलक्या हाताने' हे ठळक अक्षरांत हवं होतं. पत्र्यावर कथिलाचा फार पातळ मुलामा असतो. ८० नंबरने खसाखसा घासला की खालचं लोखंड उघडं पडतं, मग प्रायमर टाळून पाणी घातलेला फेविकॉल लावला की गंजाचे तांबूस ठिपके नॅपकिनमधून वर येतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते लगेच दिसतात.

सदाशिवपेठी_खवट
४० डबे घासा, पुसा, प्रायमर, दोन हात रंग, नॅपकिन, वॉर्निश. लोक फराळ संपवून त्यात बटणं आणि सुया ठेवणार. सरळ छापील डबे का घेत नाही?

कात्रीकागद
बटणं ठेवली तरी डबा वापरात राहिला ना हो! छापील डब्यांवर तेच ते दोन मोर असतात.

अक्षरवेल
सुरकुत्यांबद्दल. नॅपकिन ३ पदरी असतो. छापलेला फक्त वरचा पदर घ्यायचा, खालचे दोन्ही सोलून टाकायचे. बरेचदा दुसरा पदर चिकटून राहतो आणि लक्षातच येत नाही. कोपऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून उलट्या बाजूने ओढलात तर सुटतो. दोन पदर राहिले की गोंद मध्ये पोचत नाही आणि तिथेच फुगा येतो.
गोंदाचं प्रमाण ३ भाग फेविकॉल, १ भाग पाणी. याहून पातळ केलात तर पदर फाटतो. डब्यावर पातळ थर लावा, नॅपकिन ठेवा आणि ब्रश त्यावर ओढू नका. वरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी ठेवून बोटाने मधून कडेकडे सरकवत जा. ओल्या पदराला थेट ब्रश लागला की तो ताणतो, आणि ताणलेला कागद सुरकुतणारच.
कात्रीची सरळ कड डब्यावर रेघेसारखी दिसते. बारीक ब्रश पाण्यात बुडवून आकृतीभोवती ओली रेघ काढा आणि हळूच ओढून फाडा. तंतू विरळ होतात, कड रंगात मिसळून जाते.

पेठकर
इस्त्रीची पद्धत कुणी सांगितली नाही? डब्याला फेविकॉलचे दोन पातळ हात देऊन पूर्ण वाळवायचे. त्यावर कोरडा नॅपकिन, त्यावर बेकिंग पेपर, मध्यम गरम इस्त्री, वाफ बंद. पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि कागद धरतो. पाणीच नाही, म्हणून सुरकुती नाही. झाकणाच्या सपाट भागासाठी आणि लाकडी ट्रेसाठी अप्रतिम.

हार्डवेअर_गल्ली
झाकणाला ठीक. डब्याच्या गोल अंगावर इस्त्री रेघभरच टेकते. शिवाय पत्रा चटकन तापतो, रंगाला फोड येतील. ट्रेला बिनधास्त करा.

बाइंडर_काका
तुम्ही सगळे नॅपकिनवर अडकलात. जाड कागद, गिफ्ट रॅप किंवा रंगीत प्रिंट लावायचं असेल तर वेगळं गणित आहे. कागद ओला झाला की फुगतो, आणि फुगतो तो मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने. गोंद लावल्या लावल्या चिकटवला तर तो डब्यावर बसल्यानंतर फुगत राहतो, त्याचेच बुडबुडे. म्हणून मागून गोंद लावा, २-३ मिनिटं थांबा, कागदाला काय फुगायचं ते फुगू द्या, मग चिकटवा. वाळताना तो आक्रसून ताठ बसतो.
तंतूंची दिशा ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो नळीसारखा वळेल. नळीची लांबी ज्या दिशेला, ती तंतूंची दिशा. डब्याला गुंडाळताना तंतू उभे ठेवा, म्हणजे कागद गोलाईला सहज वळतो आणि कडेने उसळी मारत नाही.
कार्डांनाही हाच नियम. ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) कार्डशीट तंतूंच्या आडवी दुमडलीत तर घडीवर रंग तडकून पांढरी रेघ येते.

बाणेरकर_मीरा
काका, कार्डशीटला आधी खाच मारली तरी तडकते का?

बाइंडर_काका
कमी तडकते. संपलेली रिफिल पट्टीला धरून एकदाच, मध्यम दाब देऊन ओढायची. दोनदा ओढली की रेघा जुळत नाहीत. आणि खाच मारल्यावर जी बाजू उंचावते ती घडीच्या आत गेली पाहिजे, म्हणजे खाचेच्या उलट दिशेला दुमडायचं. नव्वद टक्के लोक उलटं करतात आणि कागदाला नावं ठेवतात. शेवटी घडी नखाने नको, गुळगुळीत हाडाच्या पट्टीने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटा. मध्ये साधा कागद ठेवा, नाहीतर चकाकी येते.

रंगरेषा
कार्डांचं माप ठरवताना आधी पाकीट बघा. ए४ च्या निम्म्याची, म्हणजे ए५ ची घडी केली की १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं आणि ते ११४ × १६२ च्या पाकिटात आरामात जातं. फोम टेपवर उचललेली फुलं लावणार असाल तर २-३ मिमी जाडी वाढते, ते पाकीट कडेने फाटतं. उंच सजावट नेहमी कार्डाच्या मध्यात, चारही कडांपासून दीड सेंमी आत.

अक्षरवेल
आणि कुठल्या कागदाला काय, हे एकदाचं लिहून टाकते, दर धाग्यात तोच प्रश्न येतो.
साध्या कार्डशीटवर कार्डशीट: गोंदाची कांडी किंवा डबल टेप. सोनेरी-चंदेरी चकचकीत शीटवर प्लॅस्टिकचा थर असतो, तिथे पांढरा गोंद तासन्‌तास ओलाच राहतो; तिथे डबल टेपच. हातकागदावर टेप लावून परत काढू नका, वरचा लोकरी थर टेपबरोबर येतो. तिथे पांढरा गोंद पातळ, टिपक्या टिपक्यांनी. कुंदन आणि मोत्यांना टूथपिकच्या टोकावर गोंदाचा थेंब, चिमट्याने ठेवा, कार्ड रात्रभर आडवं. चमकी सगळ्यात शेवटी, नाहीतर ती घरभर आणि गोंदात.
क्विलिंगला (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या नक्षीला) ३ किंवा ५ मिमीच्या पट्ट्या. गुंडाळीच्या शेवटाला गोंद टोचणीभरच. जास्त झाला की गुंडाळी सोडायची म्हटलं तर सुटत नाही आणि वर डाग दिसतो.

झटपट_झाला
कुंदनला फेविक्विक लावा, १० सेकंदात काम.

टिकलीबाई
झटपट, मग कुंदनभोवती पांढरी धुरकट कडा येते तिचं काय? सायनोअ‍ॅक्रिलेटची, म्हणजे फेविक्विकमधल्या रसायनाची, वाफ आजूबाजूला बसते, काळ्या आणि गडद निळ्या कार्डावर तर स्पष्ट दिसते. शिवाय जोड ठिसूळ असतो, कार्ड वाकलं की खडा टपकन पडतो. एक महत्त्वाचं: सांडलेलं क्विक कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. कापसाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन भाजण्याइतकी उष्णता तयार होऊ शकते.

गणेशखिंड
जरा विषयांतर. गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठ्याची कमान केली की दुसऱ्या दिवशी ती वाकते. थर्माकोलची सवय झालेल्यांना हे नवीन आहे.

बाइंडर_काका
एकाच बाजूला कागद चिकटवलात. कागद वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठा आपल्याकडे ओढतो. मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा कागद, तंतूंची तीच दिशा, तोच गोंद. मग वजनाखाली रात्रभर. साधा जुना वर्तमानपत्राचा कागदही मागे चालतो, दिसणार नसेल तर. दिसणार असेल तर नको, लवकर पिवळा पडतो.

सदाशिवपेठी_खवट
थर्माकोल २०१८ साली बंद झाला, तरी अजून 'सवय झालेले' आहेत म्हणजे कमाल आहे.

हार्डवेअर_गल्ली
ज्यांच्या माळ्यावर जुना पडलाय त्यांनी त्यावर रबरी सोल्यूशन लावू नये. त्यातलं टोल्युइन थर्माकोल विरघळवतं, खड्डा पडतो. आणि असलं सोल्यूशन बंद खोलीत उघडू नका, समईजवळ तर अजिबात नको.

पेठकर
बाइंडरकाका, तुमच्या व्यवसायात तर खळ वापरायचे. या डब्यांना खळ का नको? स्वस्त आणि बिनविषारी.

बाइंडर_काका
बिनविषारी तेव्हा, जेव्हा तिच्यात मोरचूद नसतं. बाइंडिंगच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालायची पद्धत होती. ते विष आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात आणि लहान मुलांच्या हातात जाता कामा नये.
घरी करायची असेल तर १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा, मग उरलेलं पाणी घालून गाळा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरट रंग जाऊन पारदर्शकपणा आला की उतरवा. चिमूटभर तुरटी, लवंग तेलाचा थेंब. फ्रीजमध्ये ३-४ दिवस, वास आला की फेकून द्या.
पुठ्ठ्याची खोकी, वहीची वेष्टणं, कंदिलाचा सांगाडा यांना खळ उत्तम. सरकवायला वेळ मिळतो आणि कागद ताठ होतो. पत्र्याला मात्र नको, पकडच नाही. आणि स्टार्च म्हटलं की कसर आणि झुरळं आलीच.

बाणेरकर_मीरा
मातीच्या पणत्यांवर नॅपकिन चालेल का? ऑर्डर मोठी आहे.

टिकलीबाई
नको, दोन कारणांनी. एक, ज्योत आणि कागद. दुसरं लक्षात यायला वेळ लागतो: कच्च्या पणतीत तेल घातलं की ते मातीतून झिरपतं आणि कागद मागून डागाळतो. रंगवून टिकल्या लावा, त्याही खालच्या अंगाला. कागद लावायचाच असेल तर काचेच्या बरणीला, आत बॅटरीवरचा दिवा.
काचेच्या बाटल्यांचं लेबल काढायला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, उरलेल्या चिकट्याला खोबरेल तेल आणि खायचा सोडा समभाग, १५ मिनिटं ठेवून घासा. नंतर साबण आणि शेवटी स्पिरिट. तेलाचा अंश राहिला तर वरचं सगळं निघणार.

प्रिंटवाली
रंगीत प्रिंट लावणाऱ्यांसाठी: झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट मागा. घरच्या इंकजेटची शाई बहुतेक पाण्यात विरघळणारी असते, फेविकॉल लावताच लाल-निळी पसरते. इंकजेटच असेल तर आधी दोन पातळ हात स्प्रे फिक्सेटिव्ह (शाई पक्की करणारा फवारा), मग गोंद. कागद ७० ते ८० जीएसएम, चकचकीत फोटो पेपर नको, कडा झाकल्या जात नाहीत.
जुन्या फोटोंवर गोंद लावूच नका. प्रत काढा, मूळ फोटो कोपऱ्यांच्या खाचांत बसवा. साध्या सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून फोटोत उतरतो.

पेठकर
सामान कुठे? पुण्यात बोहरी आळीत घाऊक पाकीट मिळतं, पण रविवार पेठेत गाडी घेऊन जाऊ नका. कार्डशीट अप्पा बळवंत चौकात. हातकागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत, ती १९४० पासून आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून साच्यावर उचललेल्या तावात तंतूंची एकच अशी दिशा नसते, म्हणून तो कुठूनही दुमडला तरी फारसा फरक पडत नाही. बरोबर ना काका?

बाइंडर_काका
बरोबर. कारखान्यातला कागद धावत्या जाळीवर तयार होतो, म्हणून त्याचे तंतू एका दिशेला जातात. हातकागदाचा साचा कारागीर दोन्ही दिशांना हलवतो. पण जाड असतो, खाच तरी मारा.

कात्रीकागद
चिकट वॉर्निशचं राहिलं.

रंगरेषा
पावसाळा हे अर्धं कारण. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की पाण्याधारित वॉर्निश वरून वाळतं, आत ओलं राहतं. जाड एक हात देण्याऐवजी तीन पातळ हात, प्रत्येकात किमान ४ तास, पंख्याखाली, बंद खोलीत नाही. खालचा फेविकॉल पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय वॉर्निश नको. पांढरा ठिपका दिसतोय म्हणजे आत पाणी आहे, आणि वॉर्निशने कोंडलं की तो कायमचा दुधाळ राहतो.
डबे रचायचे तर मध्ये बेकिंग पेपर. रंग पक्का होण्याआधी रंगाला रंग टेकला की दाबाने दोन्ही एकजीव होतात. शक्य असेल तर दसऱ्यापर्यंत रचूच नका.
ऑइल वॉर्निश टाळा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळट दिसतं. आणि फराळ आत जाणार असल्याने आतून कुठलाही रंग नको, झाकण उघडं ठेवून आठवडाभर वास जाऊ द्या, चिवडा बटर पेपरच्या पिशवीत.

कात्रीकागद
हिशोब बघा जरा. नॅपकिन ३३ × ३३ सेंमी. डब्याचा परीघ ३१.४, म्हणजे पट्टी पुरून दीड सेंमी वर चढेल. ६ सेंमीच्या ५ पट्ट्या निघतात, ४० डब्यांना ८ नॅपकिन. झाकणाला ११ सेंमीची वर्तुळं, एका नॅपकिनात ९, म्हणजे ५ नॅपकिन. एकूण १३. २० चं पाकीट पुरेल.

टिकलीबाई
झाकण बाहेरून बसतं म्हणालात ना? मग डब्याच्या वरच्या दीड सेंमीवर नॅपकिन लावूच नका. कागद, गोंद आणि तीन हात वॉर्निश मिळून झाकण अडकेल, आणि जोराने उघडलं की कड सोलली जाईल. तिथे प्रायमरही अगदी पातळ, वर फक्त एक हात रंग. पट्टी साडेचार सेंमीची करा. झाकणाच्या कडेवरही कागद वळवू नका, बोटं तिथेच लागतात. वर्तुळ साडेनऊ सेंमीचं पुरे.

अक्षरवेल
म्हणजे पट्ट्या एका नॅपकिनात ७, डब्यांना ६ नॅपकिन, झाकणांना ५. एकूण ११.
पण आधी नॅपकिन पूर्ण उलगडून बघा. बऱ्याच डिझाइनमध्ये चार चौकोनांत तेच चित्र चार दिशांना छापलेलं असतं. पट्टी कापलीत तर अर्धी फुलं सरळ आणि अर्धी उलटी येतील. सगळीकडे सारखी बुट्टी असलेलंच पाकीट घ्या, नाहीतर आकृत्या ओल्या रेघेने सुट्या फाडून लावा. मग हा हिशोब विसरा, दोन पाकिटं आणा.

कात्रीकागद
चार दिशांनाच आहे. कमळं.

सदाशिवपेठी_खवट
छापील डबे अजून मिळतात.